लुअर म्हणजे नुसता मोह नाही

टेम्प्ट, अट्रॅक्ट, लुअर, अल्युअर या सगळ्या इंग्लिश शब्दांपुढे आपल्याकडे एकच अर्थ लिहून देतात, मोह पाडणे, आणि मग वाक्य करायची वेळ आली की मुलं अडकतात, त्यात त्यांची काही चूक नसते. शब्द कुठून आला ते सांगितलं तर पाठांतराची गरजच पडत नाही असं माझं मत आहे.

लुअर आला ससाण्याच्या शिकारीतून. युरोपात राजेसरदार ससाणे पाळायचे, पण ससाणा म्हणजे काही कुत्रा नाही, एकदा हातावरून उडाला की परत यायचं की नाही ते त्याची मर्जी, म्हणून पाळणारा दोरीला पिसांचा गुच्छ बांधायचा, त्यात मांसाचा तुकडा अडकवायचा आणि गरगर फिरवायचा, की ससाणा झेपावत खाली आलाच. त्या गुच्छाचं जुनं फ्रेंच नाव म्हणजे हा शब्द. 1066 मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच बोलली जाऊ लागली आणि शिकारीचे असे बरेच शब्द इंग्लिशमध्ये शिरले. 14व्या शतकाच्या शेवटी इंग्लिश कवी चॉसरच्या कँटरबरी टेल्समधली बाथ गावची बाई म्हणते की रिकाम्या हाताने ससाणा बोलावता येत नाही, तिथे क्रियापद लुअरच आहे. पुढे शेक्सपिअरची ज्युलिएट रोमिओला परत बोलवायला ससाणेवाल्याचा आवाज मागते तिथेही हाच शब्द, आणि त्यात फसवणूक अजिबात नाही, नुसती ओढ आहे. मला ही जागा फार आवडते.

आता गंमत बघा, आपलं आमिष म्हणजे संस्कृतात मांसच, सामिष-निरामिष त्यातलेच. पेपरात येतं ना, नोकरीचं आमिष दाखवून फसवलं, ते इंग्लिशमध्ये लिहायचं तर लुअर्ड विथ अ जॉब. अमुक ठिकाणी बोलावून नेलं तर लुअर्ड इन्टु. म्हणजे पलीकडे दोरी फिरवणारा कोणीतरी असतोच. अल्युअर त्याच शब्दाला फ्रेंच उपसर्ग लागून झालाय पण आज तो जास्त करून नाम म्हणून येतो, द अल्युअर ऑफ मुंबई, इथे कोणी बोलावत नाही, शहरच खेचतं.

टेम्प्टचं घराणं वेगळं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पारखून बघणं, म्हणून 1611 च्या इंग्लिश बायबलमध्ये देव अब्राहामाला टेम्प्ट करतो, म्हणजे त्याची परीक्षा घेतो. ख्रिस्ती लोकांच्या प्रभूच्या प्रार्थनेत इंग्लिशमध्ये जिथे टेम्प्टेशन आहे तिथे मराठीत 'परीक्षेत आणू नकोस' असंच आहे, भाषांतर करणाऱ्यांनी मूळ अर्थ बरोबर धरलाय. आय अ‍ॅम टेम्प्टेड टु बाय इट म्हणतो तेव्हा परीक्षा आपलीच चाललेली असते, समोर दोरी फिरवणारा असलाच पाहिजे असं नाही.

आणि लुअरमधलं मांस आता गेलं तरी वस्तू राहिलीय, हौसेने गळ टाकणारे लोक प्लास्टिकच्या खोट्या माशाला आजही लुअरच म्हणतात.