विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवर खातं कसं मिळवाल? पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

सुपरकॉम्प्युटर म्हणजे हवामान आणि भौतिकशास्त्रवाल्यांचं काम, असं समजून भाषा, इतिहास, समाजशास्त्राचे विद्यार्थी त्या वाटेला जातच नाहीत. बहुतेक विद्यापीठांत मात्र विषयाची अट नसते. अट एवढीच की काम संशोधनाचं किंवा शिक्षणाचं हवं.

अर्ज कोणाला करता येतो?
प्रकल्प सहसा प्राध्यापकाच्या किंवा कायम संशोधकाच्या नावावर उघडतो. पीएचडी, एमए, एमएस्सी, काही ठिकाणी पदवीच्या विद्यार्थ्यांनाही त्या प्रकल्पाखाली स्वतःचं खातं मिळतं. म्हणून आधी मार्गदर्शकांशी बोला, फॉर्म नंतर उघडा. मार्गदर्शकांचा प्रकल्प आधीपासून चालू असेल तर तुमचं नाव त्यात जोडलं की झालं.

कागदपत्रं
विद्यापीठाचं ओळखपत्र, विद्यापीठाचाच ईमेल (खासगी ईमेल बहुधा चालत नाही), मार्गदर्शकांची संमती, वापराच्या नियमांवर सही आणि कामाचं पानभर वर्णन. मुलाखती, रुग्णांच्या नोंदी असा माणसांचा डेटा असेल तर नैतिकता समितीची मंजुरीही लागते. असा डेटा तिथे ठेवायला परवानगी आहे का, हे अर्जाआधीच विचारून घ्या.

वर्णन सोप्या भाषेत लिहा. प्रश्न काय आहे, डेटा किती आहे, कोणतं सॉफ्टवेअर लागेल आणि लॅपटॉपवर हे का जमत नाही, एवढं त्यात आलं पाहिजे. जड शब्दांनी अर्ज भारदस्त होत नाही, उलट तपासणाऱ्याला काम कळत नाही.

‘किती कोअर-तास हवेत?’
याच रकान्यापाशी लोक अडतात, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण हिशोब शाळेतला आहे. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा एक भाग. एक कोअर एक तास वापरला की एक कोअर-तास.

समजा, जुन्या वर्तमानपत्रांची १ लाख स्कॅन केलेली पानं आहेत आणि त्यांतला मजकूर ओळखून काढायचा आहे. आधी लॅपटॉपवर शंभरेक पानं चालवून वेळ मोजा. एका कोअरवर एका पानाला ३० सेकंद लागले, तर एकूण ३० लाख सेकंद, म्हणजे साधारण ८३३ कोअर-तास. एका कोअरवर हे जवळपास ३५ दिवस चालेल. प्रत्येक पान स्वतंत्र असल्यामुळे ६४ कोअरवर वाटलं तर सुमारे १३ तासांत होईल. चाचण्या आणि फसलेले प्रयत्न धरून १,२०० मागा आणि हा हिशोब अर्जात तसाच लिहा. ज्या कामात पुढची पायरी मागच्या पायरीवर अवलंबून असते, तिथे कोअर वाढवून असा फायदा मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

अंदाज बांधताच येत नसेल तर चाचणीसाठी छोटा वाटा मागा. अनेक केंद्रं तो कमी कागदपत्रांत देतात. केंद्रातल्या सहायकांना भेटा, तुमच्यासारख्यांना मदत करणं हे त्यांचं कामच आहे.

मंजुरीनंतर
लॉगिनला पासवर्डसोबत बहुधा मोबाइलवरचा कोड किंवा एसएसएच की (ओळख पटवणारी, तुमच्या संगणकावर ठेवलेली गुप्त फाइल) लागते. आत लिनक्स (विंडोजसारखी एक ऑपरेटिंग सिस्टीम) असतं. नोव्हेंबर २०१७ पासून जगातले पहिले ५०० सुपरकॉम्प्युटर त्यावरच चालतात. काळ्या पडद्यावर कमांड टाईप करायची धास्ती वाटत असेल तर केंद्रात ‘ओपन ऑनडिमांड’ आहे का ते विचारा. ओहायो सुपरकॉम्प्युटर सेंटरने बनवलेल्या या पोर्टलमधून ब्राउझरमध्येच फायली चढवता येतात, आणि केंद्राने सोय केलेली असेल तर ज्युपिटर किंवा आरस्टुडिओ ही कोड लिहून चालवायची साधनंही उघडता येतात.

लॉगिन केल्यावर तुम्ही ज्या मशीनवर पोहोचता ते सगळ्यांचं सामायिक असतं, तिथे मोठं काम चालवू नका. कोअर, मेमरी आणि वेळ लिहून जॉब (म्हणजे चालवायचं काम) रांगेत लावायचा. अनेक ठिकाणी ही रांग ‘स्लर्म’ नावाचं सॉफ्टवेअर सांभाळतं. गरजेपेक्षा फार जास्त वेळ मागितला तर नंबर उशिरा लागू शकतो, कमी मागितला तर जॉब अर्ध्यात तोडला जातो.

‘स्क्रॅच’ नावाच्या जागेतल्या जुन्या फायली ठरावीक दिवसांनी आपोआप पुसल्या जातात आणि तिचा बॅकअप सहसा नसतो, म्हणून निकाल लगेच दुसरीकडे उतरवून घ्या. शोधनिबंधात केंद्राचा ऋणनिर्देश करा, नूतनीकरणाच्या वेळी तो विचारला जातो. शिक्षण संपलं की विद्यार्थ्याचं खातं बंद होतं, तेव्हा प्रबंध जमा करायच्या आधीच फायली मार्गदर्शकांच्या प्रकल्प-फोल्डरमध्ये हलवा.