संरक्षित समुद्र नेमका कोणाच्या हातात? दोन बेटांची पार्श्वभूमी

२०२२ मध्ये माँट्रियलला संयुक्त राष्ट्रांच्या जैवविविधता परिषदेत ठरलं की २०३० पर्यंत जमीन आणि समुद्र दोन्हींचा ३० टक्के भाग राखायचा, आणि तेव्हापासून सगळी चर्चा टक्क्यांचीच चाललीय. पण नकाशावर रेघ मारून मासे वाचत नाहीत. रात्री तिथे नजर कोण ठेवणार, दंड कोण लावणार, पर्यटकांचा पैसा कोणाकडे जाणार, खरी गोम तिथे आहे. फिलिपिन्समधल्या दोन छोट्या बेटांचा इतिहास बघितला की हे लगेच कळतं.

पहिलं बेट सुमिलोन. १९७४ मध्ये सिलिमन युनिव्हर्सिटीच्या पुढाकाराने, म्हणजे मुख्यतः सागरी जीवशास्त्रज्ञ एंजेल अल्काला यांच्या प्रयत्नाने, बेटाभोवतीच्या प्रवाळाचा साधारण पाव भाग मासेमारीला बंद झाला. दहाएक वर्षं हे चाललं, पण स्थानिक नगरपालिकेचं आणि युनिव्हर्सिटीचं जमेना, आणि १९८४ मध्ये बंद भागात सर्रास मासेमारी सुरू झाली, डायनामाइट लावूनसुद्धा. आता जागा वाढली म्हणजे मासळीही जास्त मिळायला पाहिजे ना? झालं उलटंच, दोनेक वर्षांत एकूण मासळी निम्म्याहून खाली आली. बंद पट्ट्यातले मासे बाहेर येत होते म्हणूनच तर बाकीच्यांची जाळी भरत होती, हे मोजून सिद्ध झालं, पण किती महागात!

दुसरं बेट आपो. शास्त्रज्ञ तेच, पद्धत मात्र वेगळी. त्यांनी आधी आपोच्या कोळ्यांना सुमिलोन नेऊन दाखवलं, बोलणी करण्यात काही वर्षं घालवली, मग १९८२ मध्ये गावकऱ्यांनी आपणहून आग्नेय किनाऱ्यालगतचा अर्ध्या किलोमीटरपेक्षाही छोटा पट्टा बंद केला. नगरपालिकेचा शिक्का १९८५ मध्ये बसला, म्हणजे नियम आधी आणि कागद नंतर. उरलेल्या पाण्यात गळ, साधी जाळी, बांबूचे सापळे चालतील, पण डायनामाइट आणि सायनाइड बंद. पहारा गावचाच, त्यामुळे कुठली होडी कोणाची हे विचारायची गरजच नाही. माझ्या मते आपो टिकलं ते यामुळेच.

१९९१ च्या कायद्याने फिलिपिन्समधल्या नगरपालिकांना किनाऱ्यापासून १५ किलोमीटरपर्यंतच्या पाण्यावर अधिकार मिळाले आणि मग गावोगावी अशी छोटी राखीव क्षेत्रं उभी राहिली. फिजीतही १९९७ मध्ये उकुनिवानुआ गावाने शिंपल्यांसाठी उथळ पाण्याचा एक तुकडा बंद ठेवला आणि तिथून आजूबाजूच्या गावांनी तोच कित्ता गिरवला. अर्थात बाहेरून मोठे ट्रॉलर आले तर गावच्या होड्या काय करणार, तिथे सरकार लागतंच.

पण सरकार मदतीला येणं वेगळं आणि ताबा घेणं वेगळं. १९९४ मध्ये आपो राष्ट्रीय संरक्षित क्षेत्रांच्या यादीत गेलं, कारभार गावाच्या कमिटीकडून सरकारी बोर्डाकडे गेला, डायव्हिंगला येणाऱ्यांची फी राष्ट्रीय फंडात जमा व्हायला लागली आणि परत यायला खूप उशीर व्हायचा, म्हणजे पहारा गावकऱ्यांनी द्यायचा आणि त्याच्या खर्चासाठी हातही त्यांनीच पसरायचे, हे मला फार अन्यायाचं वाटतं. शेवटी २०१३ च्या कायद्याने ७५ टक्के रक्कम बोर्डाकडेच ठेवायची मुभा मिळाली. बोर्डाचा अध्यक्ष मात्र पर्यावरण खात्याचा प्रादेशिक अधिकारीच असतो.