स्पीकर घेण्याआधी छताकडे बघा

नवं हॉटेल काढताना साउंड सिस्टीमचा विचार बहुधा सगळ्यात शेवटी होतो. फरशी बसते, रंग होतो, किचनची चिमणी लागते, टेबलं-खुर्च्या येतात आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की गाणी लावायची सोय राहिली. उरलेल्या पैशांत दोन मोठे स्पीकर येतात, काउंटरच्या वर दोन कोपऱ्यांत लटकतात आणि पहिल्या आठवड्यापासून तक्रारी सुरू होतात. काउंटरजवळच्या टेबलावरचं गिऱ्हाईक म्हणतं, आवाज जरा कमी करा. मागच्या टेबलावर गाण्याची नुसती गुणगुण पोचते. मालकाला वाटतं स्पीकर हलके निघाले, म्हणून तो आणखी मोठे आणतो.

खरं तर बिघाड स्पीकरमध्ये नसतो, खोलीत असतो. हॉटेलात आपल्या कानावर येणाऱ्या आवाजाचा फार थोडा भाग थेट स्पीकरकडून किंवा समोरच्या माणसाकडून येतो. बाकीचा भिंतींवर, फरशीवर, काचेवर आणि छतावर आपटून, दहा वाटांनी फिरून येतो. ही गोष्ट आधी समजून घेतली तर स्पीकरवरचा खर्च निम्म्यावर येतो, असं माझं ठाम मत आहे.

खोली आवाजाचं काय करते, याचं गणित पहिल्यांदा मांडलं ते अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे तरुण प्राध्यापक वॉलेस सबाइन यांनी. विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयात नवं व्याख्यानगृह बांधलं होतं, पण तिथे वक्त्याचं बोलणं कुणाला कळेना. १८९५ साली हे काम सबाइन यांच्याकडे आलं. त्यांनी मोजलं तेव्हा दिसलं की रिकाम्या सभागृहात एक शब्द उच्चारला की तो साडेपाच सेकंद घुमत राहतो. तेवढ्या वेळात वक्ता पुढचे दहा-बारा शब्द बोलून मोकळा होतो आणि सगळे एकमेकांवर चढतात. सबाइन रात्री शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणत, सभागृहात मांडत, ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायला लागणारा वेळ घड्याळावर मोजत आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या परत नेऊन ठेवत. या खटाटोपातून एक सोपं सूत्र निघालं. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्यायचं, त्याला ०.१६१ ने गुणायचं आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागायचं. उत्तर येतं तो निनादाचा काळ, म्हणजे आवाज ६० डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप) खाली यायला लागणारे सेकंद. शोषण म्हणजे प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले तो आवाजाचा किती हिस्सा गिळतो तो आकडा. याच सूत्राच्या जोरावर १९०० साली उघडलेला बोस्टनचा सिम्फनी हॉल उभा राहिला. तो आजही जगातल्या उत्तम संगीतगृहांत गणला जातो.

हेच सूत्र आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या हॉटेलला लावून बघू. हॉल १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद, ३ मीटर उंच, म्हणजे साधारण चाळीस बाय सव्वीस फूट आणि दहा फुटांचं छत. घनफळ २८८ घनमीटर. खाली व्हिट्रिफाइड टाइल, भिंतींना प्लॅस्टर आणि काच, वर पीओपी. हे सगळे पृष्ठभाग आवाजाचे जेमतेम ३ टक्के गिळतात. एकूण ३१२ चौरस मीटर पृष्ठभागाचं शोषण भरतं सव्वानऊच्या आसपास आणि रिकाम्या हॉलचा निनाद येतो जवळजवळ ५ सेकंद. म्हणजे फॉगच्या सभागृहाच्या पंगतीतच. चाळीस माणसं येऊन बसली की त्यांचे कपडे आणि शरीरं बरंच शोषण करतात आणि निनाद पावणेदोन सेकंदांच्या जवळ येतो. सभागृहातल्या संगीताला तो चालेल. चाळीस जण एकाच वेळी बोलताहेत आणि स्टीलच्या ताटवाट्या ग्रॅनाइटवर आपटताहेत, अशा ठिकाणी तो फार झाला.

आता छतापैकी ६० चौरस मीटर भागावर खनिज लोकरीचे जाड पॅनेल लावले आणि ते ८० टक्के आवाज गिळणारे आहेत असं धरलं, तर भरलेल्या हॉलचा निनाद ०.६ सेकंदांवर उतरतो. कागदावर हा बदल साधारण ४ डेसिबलचा आहे. प्रत्यक्षात तो त्याच्या जवळजवळ दुप्पट जाणवतो, आणि त्याचं कारण आपल्या घशात आहे.

पॅरिसमधले कान-नाक-घशाचे डॉक्टर एटिएन लोंबार यांना दिसलं की रुग्णाच्या कानात गोंगाट सोडला की तो आपोआप मोठ्याने बोलू लागतो आणि गोंगाट थांबला की आवाज पुन्हा खाली येतो. रुग्णाला यातलं काहीच जाणवत नसतं. १९११ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि तेव्हापासून या सवयीला त्यांचंच नाव आहे. हॉटेलात हीच सवय साखळीसारखी चालते. एका टेबलावरचे लोक थोडे मोठ्याने बोलले की शेजारचं टेबल नकळत आवाज चढवतं, त्यामुळे तिसरं चढवतं, आणि फेरा पुन्हा पहिल्या टेबलावर येतो. साधं बोलणं एक मीटरवर ६० डेसिबलच्या आसपास असतं. भरलेल्या, टणक पृष्ठभागांच्या हॉलमध्ये गोंगाट ८० च्या वर सहज जातो, तोही गाणी बंद असताना. डेन्मार्कचे ध्वनितज्ज्ञ येन्स होल्गर रिंडेल यांनी २०१० मध्ये खानावळींमधल्या गोंगाटाचं हे गणित मांडलं. यंत्रांच्या खोलीत शोषण दुप्पट केलं तर आवाज ३ डेसिबलने उतरतो. माणसांच्या खोलीत तोच उतार ६ डेसिबलचा होतो, कारण गोंगाट कमी झाला की माणसंही हळू बोलू लागतात.

म्हणून पैसे मोजके असतील तर आधी छत. पीओपीच्या नक्षीऐवजी ध्वनिशोषक फॉल्स सीलिंग, किंवा कापड चढवलेले पॅनेल टांगून. घेताना आगीच्या चाचणीचा दाखला मागितलाच पाहिजे. किचन शेजारी असताना साधा फोम छताला चिकटवणं धोक्याचं आहे, मग तो कितीही स्वस्त मिळो. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावायची जुनी युक्ती मात्र विसरून जावी. त्यांनी शोषण जवळजवळ होतच नाही आणि ते पेटतात लवकर.

छत झालं की स्पीकर. कोपऱ्यातल्या दोन मोठ्या स्पीकरांचं काय चुकतं ते इथे कळतं. मोकळ्यात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. स्पीकरपासून दीड मीटरवरच्या टेबलाशी तुलना केली तर १२ मीटरवरच्या टेबलापर्यंत अंतर तीनदा दुप्पट होतं, म्हणजे थेट आवाज १८ डेसिबलने घटतो. पुढच्याला कान झाकावे लागतात तेव्हा मागच्याला निनादातून गाळून उरलेलं काहीतरी ऐकू येतं. दोन मोठ्या स्पीकरांऐवजी छतात बारा छोटे बसवले की प्रत्येक टेबल कुठल्यातरी स्पीकरपासून सारख्याच अंतरावर येतं.

बारा हा आकडा अंदाजाचा नाही. बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून सुमारे चार फुटांवर असतो. छत दहा फुटांवर असेल तर मध्ये सहा फूट उरतात. नव्वद अंशांत आवाज फेकणारा सिलिंग स्पीकर कानाच्या पातळीवर बारा फूट व्यासाचं वर्तुळ व्यापतो. ही वर्तुळं कडेला थोडी एकमेकांत शिरावीत म्हणून स्पीकर नऊ-दहा फुटांवर ठेवले तर आपल्या हॉलमध्ये चार गुणिले तीन बसतात. जुन्या इराणी हॉटेलांसारखं सोळा फुटी छत असेल तर हाच हिशेब बिघडतो. वर्तुळ चोवीस फुटांचं होतं, आवाज वाटेत पसरतो आणि भिंतींवर जास्त आपटतो. तिथे दोरीने खाली टांगायचे स्पीकर घ्यावेत आणि ते दहा फुटांपर्यंत आणावेत.

लागणारी वीज ऐकून लोकांना खरं वाटत नाही. एका वॅटला एक मीटरवर ९० डेसिबल देणारा साधा स्पीकर घ्या. पावणेदोन-दोन मीटरवरच्या कानाशी तो ८५ देतो. पार्श्वसंगीताला ७० पुरतात, म्हणजे वॅटचा तिसावा भाग पुरतो. गाण्यातल्या तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक उसळ्यांसाठी आणि भरलेल्या हॉलसाठी जागा ठेवली तरी प्रत्येकी सहा वॅट भरपूर झाले. डब्यावर ‘हजार वॅट’ छापलेल्या स्पीकरची इथे काहीच गरज नाही.

बारा स्पीकर एका अ‍ॅम्पला, म्हणजे आवाज वाढवून स्पीकरकडे पाठवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला, जोडायचे कसे, हा पुढचा पेच. घरगुती स्पीकर ८ ओहमचा असतो (ओहम म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचं माप). बारा समांतर जोडले तर भार ०.६७ ओहमवर येतो आणि ४ किंवा ८ ओहमसाठी बनवलेला अ‍ॅम्प एक तर बंद पडतो किंवा जळतो. तो टिकला असं धरलं तरी ७२ वॅटसाठी तारेतून दहा अँपिअरहून जास्त प्रवाह लागेल. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तीस मीटर जोडतारेचा रोध जाऊन-येऊन एक ओहम असतो, आणि तेवढ्या प्रवाहात ती तारच शंभरावर वॅट खाईल. स्पीकरपेक्षा तार जास्त खाणार.

यावरचा तोडगा वीजवाहिन्यांच्या मनोऱ्यांवर वापरतात तोच आहे. व्होल्ट वाढवा, प्रवाह घटवा. १०० व्होल्टच्या लाईनवर तेच ७२ वॅट ०.७२ अँपिअरमध्ये पोचतात आणि तारेत अर्धा वॅट जातो. अशा स्पीकरच्या पाठीमागे मुठीत मावेल एवढा ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्यातून तीन-चार तारा बाहेर येतात. कुणावर ६ वॅट लिहिलेलं असतं, कुणावर ३, कुणावर दीड. यांना टॅप म्हणतात. जी तार जोडाल तेवढा वाटा तो स्पीकर उचलतो. काउंटरवरच्या स्पीकरला दीड वॅटचा टॅप द्यावा, म्हणजे तिथे पार्सलची ऑर्डर नीट ऐकू येते. सगळ्या टॅपांची बेरीज करून अ‍ॅम्प तिच्यापेक्षा वीस-पंचवीस टक्के मोठा घ्यावा. आपल्या हॉलला १०० वॅटचा पुरे. लक्षात ठेवायचं ते एवढंच की १०० व्होल्टचा झटका लागतो, त्यामुळे जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी. अ‍ॅम्पकडे येणारी सिग्नलची केबल मेन वायरिंगपासून दूर ठेवावी, नाहीतर गाण्याखाली सतत हम ऐकू येतो. प्रत्येक स्पीकरचा प्लस प्लसलाच जोडला आहे ना, हेही तपासावं. एखादा उलटा लागला तर त्याच्या आणि शेजारच्याच्या बरोबर मध्ये उभं राहिल्यावर ढोलकीतला घुमारा गायब होतो. या खुणेवरून दोष पाच मिनिटांत सापडतो.

स्टिरिओचा आग्रह सोडून द्यावा. डावा-उजवा भेद एकाच ठिकाणी बसलेल्यासाठी असतो. हॉटेलात त्याचा अर्थ असा की एका टेबलाला सतार मिळते आणि दुसऱ्याला नुसता तबला. सगळं मोनो करून टाकावं, म्हणजे प्रत्येक स्पीकरमधून तेच गाणं पूर्ण वाजतं.

हळू लावलेलं गाणं पातळ का वाटतं, हे १९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी मोजून दाखवलं. आवाज कमी होत गेला की मानवी कान खर्जाला मधल्या सुरांपेक्षा फार लवकर सोडतो. मालक नॉब वर सरकवतो तो बहुतेकदा हरवलेला खर्ज शोधायला, आणि त्यासोबत सगळंच मोठं होऊन बसतं. अ‍ॅम्पवर खर्ज थोडा वाढवून, १ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा थोडा दाबला तर गाणं भरीव वाटतं आणि बोलणं स्पष्ट कळायला जो पट्टा लागतो तो बोलणाऱ्यांना मोकळा राहतो. छोटा सबवूफर असला तर उत्तमच. फक्त तो रबराच्या पॅडवर ठेवावा. हॉटेल सोसायटीच्या तळमजल्यावर असेल तर खर्ज स्लॅबमधून थेट वरच्या बेडरूममध्ये पोचतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत व्यापारी भागासाठी दिवसा ६५ आणि रात्री १० नंतर ५५ डेसिबलची मर्यादा आहे. निवासी भागासाठी ती ५५ आणि ४५ आहे. खासगी जागेतल्या सिस्टीमचा आवाज हद्दीवर यापेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. गाणी लावायचा परवाना वेगळा लागतो. फोनवरचं स्वतःपुरतं घेतलेलं अ‍ॅप त्याला चालत नाही.

आवाजाचा संबंध पोटाशीही आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका प्रयोगात, कानावर मोठा गोंगाट सोडल्यावर लोकांना तेच पदार्थ कमी गोड आणि कमी खारट लागले. आचाऱ्याने नेमकं घातलेलं मीठ गोंगाटात फिकं पडत असेल तर ते सुधारायची जागा किचन नाही. अमेरिकेतल्या रोनाल्ड मिलिमन यांनी १९८६ मध्ये दाखवलं की संथ संगीत असताना गिऱ्हाइकं सरासरी ५६ मिनिटं टेबलावर बसली, जलद असताना ४५. जेवणाचं बिल दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं, पेयांचं मात्र संथ संगीतात जास्त झालं. दुपारी थाळीसाठी रांग लागणाऱ्या ठिकाणी कुठली चाल हवी, हे यावरून ठरवता येतं.

शेवटची जुळणी शनिवारी रात्री, हॉल भरलेला असतानाच करावी. रिकाम्या हॉलचं मोजमाप तिथे उपयोगी पडत नाही, कारण चाळीस माणसांचं शोषण त्यात नसतं. गाणी बंद करून गोंगाट मोजावा, मग गाणं त्याच्या थोडं खाली बसेल असा नॉब लावावा. गर्दी वाढली की आपोआप आवाज वाढवणारी यंत्रणा काही विक्रेते सुचवतात. ती घेऊ नये, कारण लोंबार यांनी पाहिलेल्या साखळीत ती आणखी एक मोठा बोलणारा आणून बसवते. त्याऐवजी अ‍ॅम्पमध्ये वरची मर्यादा बांधून टाकावी, आणि पॅनेलवर धूळ-तेलाचा थर साचला की ते काढून झटकायचा दिवस महिन्याच्या साफसफाईच्या यादीत घालावा.