सारस

सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सर्वांत उंच. ताठ उभा राहिलेला नर ६ फुटांच्या घरात जातो. बांधीत (धानाच्या खाचरात) कमरेतून वाकून रोवणी करणाऱ्या माणसांपेक्षा पलीकडे चरणारा सारसच उंच दिसतो. शास्त्रीय नाव अँटिगोनी अँटिगोनी, कुळ क्रौंचांचे. अंग राखी, पाय गुलाबी, डोके आणि मानेचा वरचा भाग पिसांविना लालभडक. बगळा मान मुडपून उडतो, सारस मान पुढे ताणून. मागचे बोट आखूड आणि वर चढलेले असल्याने त्याला फांदी धरता येत नाही, म्हणून झाडावर बसलेला ‘सारस’ कोणी सांगितला तर तो बहुधा करकोचा असतो.

उत्तर व मध्य भारत, नेपाळची तराई, आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग येथे तो आढळतो. भारतातले बहुसंख्य सारस उत्तर प्रदेशात आहेत. तो त्या राज्याचा राज्यपक्षीही आहे. महाराष्ट्रात तो मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडे उरला आहे, तोही अगदी मोजका. इथले माजी मालगुजारी (पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या ताब्यात असलेले) तलाव, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘मामा तलाव’, आणि त्यांच्या पाण्यावरची धानशेती हेच त्याचे घर. लव्हाळ्याचे कंद, गोगलगायी, बेडूक, किडे, सांडलेले दाणे असे सगळे त्याला चालते.

वीण पावसाळ्यात होते. नर-मादी मिळून उथळ पाण्यात गवत, देवधान (रानटी भात), पेंढा ओढून ढीग रचतात. पाणी चढले की ढिगावर आणखी भर घालतात. अंडी बहुधा २. दोघेही आळीपाळीने उबवतात. साधारण महिन्याभराने पिल्ले बाहेर येतात आणि लगेच आईबापांमागे चालू लागतात. उडायला मात्र सुमारे ३ महिने लागतात. जोडीचा एकत्र पुकार दूरवर ऐकू जातो, कारण लांबलचक श्वासनलिका छातीच्या हाडात वेटोळी घालून बसलेली असते. त्यात नराच्या एका हाकेला मादीच्या दोन असतात.

बादशहा जहांगीरने लैला-मजनू नावाची जोडी पाळली होती आणि तिचे उबवणे त्याने आत्मचरित्रात बारकाईने नोंदवले आहे. जोडीदार मेला की दुसरा झुरून मरतो, ही समजूत सर्वदूर आहे. ती सरसकट खरी नाही. मागे राहिलेला पक्षी पुन्हा जोडीही जमवतो. पण या समजुतीनेच अनेक गावांत त्याला शिकाऱ्यांपासून वाचवले आहे.

आता संकट बंदुकीचे कमी आणि बदललेल्या शेतीचे जास्त. पाणथळी बुजतात, कीटकनाशके लावलेले दाणे पोटात जातात, अंडी कुत्रे-कावळे पळवतात. एवढ्या जड पक्ष्याला उडताना झटकन वळता येत नाही, त्यामुळे शेतावरून गेलेल्या विजेच्या तारांना धडकूनही सारस मरतात. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत तो ‘असुरक्षित’ गटात आहे. महाराष्ट्रातल्या सारसांची दखल २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून घेतली. थायलंडमध्ये तो निसर्गातून नाहीसा झाला होता; तिथे पाळून वाढवलेले पक्षी पुन्हा मोकळे सोडावे लागले.

घरटे मात्र अभयारण्याच्या हद्दीत असतेच असे नाही, ते खाजगी बांधीतही असते. घरट्यापायी रोप मोडते, थोडे पीक जाते. ती तेवढी जागा न तुडवता सोडायची की ढीग उपसून टाकायचा, हे धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) उभा असलेला शेतकरी ठरवतो.