शिर्डीची दानपेटी : धार्मिक का धर्मादाय?

शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या ठेवी अडीच हजार कोटींच्या पुढे गेल्याची बातमी आली की लगेच सुरू होतं, एवढा पैसा आहे तर टॅक्स का भरत नाहीत. पण भानगड ठेवींची नाहीच, दानपेटीची आहे.

मागचं थोडक्यात. बाबा होते तेव्हा गंगाजळी हा प्रकारच नव्हता, दक्षिणा मागून घ्यायचे आणि दिवस मावळायच्या आत वाटून मोकळे, जाताना म्हणजे १९१८ ला सुद्धा नऊ रुपये एका बाईच्या हातावर ठेवून गेले. संस्थान आलं १९२२ ला. मग २००४ मध्ये राज्याने वेगळा कायदा केला आणि समिती नेमायचं काम स्वतःकडे घेतलं, म्हणजे पैसा भक्तांचा पण किल्ल्या कुणाच्या ते मंत्रालय ठरवणार. २०१८ ला निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी संस्थानने ५०० कोटी बिनव्याजी द्यायचं ठरलं तेव्हाचा गदारोळ त्याच्यावरूनच. त्या भागाला पाणी हवंच होतं, त्यात वाद नाही, पण कालवा बांधणं हे दानपेटीचं काम आहे का, हा प्रश्न तरी राहतोच.

आता टॅक्स. टॅक्स माफ हवा तर ट्रस्टला उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम आपल्या ठरलेल्या कामावर खर्च करावी लागते, उरलेले १५ टक्के बाजूला ठेवता येतात, त्याहून जास्त साठवायचं तर कशासाठी ते लिहून द्यायचं आणि ५ वर्षांत वापरायचं. ठेवी वाढतात त्या अशा, त्यात लपवाछपवी काही नाही. घोळ झाला २००६ च्या दुरुस्तीने. ज्या देणगीदाराचं नाव-पत्ता नोंदलेला नाही त्या दानावर थेट ३० टक्के टॅक्स. आपल्याकडे ज्याला गुप्तदान म्हणून पुण्य मानतात तेच कायद्याला संशयास्पद वाटलं (कॉलेजं प्रवेशासाठी घेतात त्या कॅपिटेशनच्या पैशावर बघितलं तर बरोबरच होतं म्हणा). देवळांना मात्र यातून सूट, कारण पेटीत नोट टाकणाऱ्याला नाव कोण विचारणार. म्हणजे धार्मिक संस्थेला सूट, धार्मिक अधिक धर्मादाय अशा मिश्र संस्थेलाही सूट, निव्वळ धर्मादाय असेल तर टॅक्स.

आणि इथे शब्द अडकतो. मराठीत धर्मादायमध्येच धर्म आहे, पण टॅक्सवाल्यांच्या भाषेत ते दवाखाना, शाळा, अन्नदान. संस्थानच्या गुप्तदानावर टॅक्स मागताना आयकर खात्याचं म्हणणं असं की तुम्ही देणगीदारांना ८०जी ची पावती (जिच्यावर देणाऱ्याला टॅक्समध्ये सवलत मिळते) देता म्हणजे तुम्ही धर्मादाय, आणि धार्मिक खर्च बघा, देणग्या शेकडो कोटींच्या आणि पूजेअर्चेवर दोन-अडीच कोटी. आता गंमत अशी की ८०जी टिकवायचं तर धार्मिक खर्च उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या आतच ठेवावा लागतो, म्हणजे एका कलमासाठी कमी ठेवला तोच दुसऱ्या कलमात पुरावा म्हणून पुढे केला. मला तर हे वकिली डोकं वाटतं, दुसरं काही नाही. हां, संस्थानला दोन्हीकडचे फायदे मिळतात हेही खरंच.

२०२३ ला आयकर ट्रिब्युनलने आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने संस्थानच्या बाजूने निकाल दिला, संस्था एकाच वेळी धार्मिक आणि धर्मादाय असू शकते, आणि ८०जी आहे म्हणून तिचं देऊळपण जात नाही. (त्याच २०२३ मध्ये शिर्डीतल्या काही बँका पेटीतली चिल्लर घ्यायला जागा नाही म्हणत होत्या. तिथे नाव-पत्ता लिहून घ्यायचा म्हटलं तर रुपयाच्या नाण्याला रजिस्टर करावं लागेल.)

एवढ्यावर मिटलं असं वाटत होतं तोच फेब्रुवारी २०२५ ला आयकराचं नवीन विधेयक आलं आणि त्यात मिश्र संस्थांची सूटच गायब, फक्त निव्वळ धार्मिकवाल्यांची ठेवलेली. चूक होती का मुद्दाम, देव जाणे. संसदीय समितीने ते उचललं, ऑगस्टच्या सुधारित मसुद्यात ती ओळ परत आली आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या कायद्यात ती आहे. पण पेटीत टाकतानाच कुणी हे पैसे दवाखान्यासाठी असं सांगून टाकले आणि नाव दिलं नाही, तर तेवढ्यावर ३० टक्के लागू शकतात, ती अट तशीच आहे.