सोडियम इलेक्ट्रॉन राजीखुशीने देत नाही

सोडियमला बाहेरच्या कक्षेतला एकुलता एक इलेक्ट्रॉन नकोसा असतो, क्लोरिनला एक हवाच असतो, म्हणून देवाणघेवाण होते आणि मीठ तयार होतं, असं सर्रास सांगितलं जातं. हिशेब मांडला की हे टिकत नाही.

वायुरूप सोडियमच्या अणूंतून तो इलेक्ट्रॉन ओढून काढायला मोलमागे (मोल म्हणजे अणूंची एक ठरावीक, प्रचंड संख्या) सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा लागते. क्लोरिनचे अणू तो स्वीकारतात तेव्हा परत मिळतात जेमतेम ३४९. म्हणजे नुसत्या देवाणघेवाणीत १४७ किलोज्यूलचा चक्क तोटा! शिवाय धातूतून सोडियमचे अणू सुटे करणं आणि क्लोरिनचे रेणू फोडणं, हा आणखी २२९ च्या आसपास खर्च.

भरपाई होते ती स्फटिकात. विरुद्ध भारांचे आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन किंवा घेऊन भारित झालेले अणू, एकमेकांना खेचून जाळी रचतात. प्रत्येक सोडियम आयनाला सहा क्लोराइड चिकटून, प्रत्येक क्लोराइडला सहा सोडियम. ही जाळी जमताना सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. सगळं वजा जाता ४११ शिल्लक.

राहिला अष्टकाचा नियम, म्हणजे बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन झाले की अणू स्थिर होतो हा. तो कामाचा आडाखा आहे, कारण नव्हे. बोरॉन ट्रायफ्लुओराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन मोजले जातात, तरी तो रेणू व्यवस्थित अस्तित्वात आहे.