दुबार पेरणी

पेरलेले बी उगवले नाही किंवा उगवून करपले, तर त्याच हंगामात त्याच रानात पुन्हा पेरावे लागते. तिला दुबार पेरणी म्हणतात. मराठवाडा-विदर्भाच्या कोरडवाहू पट्ट्यात पावसाने ओढ दिली की जूनअखेर हा शब्द गावोगाव ऐकू येतो.

7 जूनच्या सुमारास मृग लागतो, पहिली सर येते आणि पेरणीची घाई होते. ही घाई खुळेपणाची नव्हे. मूग-उडदाला उशीर सोसत नाही. कपाशीची तर काही जण पावसाआधीच धूळपेरणी करतात. पूर्ण कोरड्या मातीत बी थांबून राहते. घात करते ती अर्धवट ओल. वरची चार बोटे भिजली की बी फुगते, कोंब सोडते आणि उघडीप लांबली की वाळते. म्हणून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन वापसा (माती चिखल न राहता पेरण्याजोगी ओली असण्याची स्थिती) आल्यावरच पेरा, असे कृषी विभाग सांगतो.

खरी कसोटी पुढे लागते: पेरणी मोडायची की ठेवायची? आठवडाभराने तासातली, म्हणजे पेरणीच्या ओळीतली, माती बोटाने उकरून पाहतात. बी टणक असेल तर आशा असते. दाबताच पिचकले, आंबूस वास आला, तर ते गेले. सोयाबीन 45 बाय 5 सेंटिमीटरवर पेरले असेल तर मीटरभर तासात 20 रोपे हवीत. बांधावर उभे राहून अंदाज करू नये, तिथून रानाची खरी स्थिती कळत नाही. आत जाऊन पाच-सहा ठिकाणी रोपे मोजावीत. ती विरळ पण सारखी असतील तर सोयाबीन फांद्या फोडून बरीचशी तूट भरून काढते. ठिकठिकाणी तुटाळ असेल, म्हणजे रोपांत खंड पडला असेल, तर तेवढेच नांगे (रिकाम्या जागा) पुन्हा बी टोकून भरावेत. धास्तीने सगळे रान मोडले तर हेक्टरी 75 किलो बियाणे पुन्हा विकत घ्यावे लागते आणि हंगामाचे दिवसही जातात. जुलैचा मध्य उलटला की मूग-उडीद सोडून बाजरी, सूर्यफूल, तुरीकडे वळावे लागते.

दोष दर वेळी पावसाचाच नसतो. 2020 च्या खरिपात राज्यभरातून सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी आल्या. घरचे असो वा विकतचे, पेरणीआधी 100 दाणे ओल्या बारदानात गुंडाळून ठेवावेत आणि आठवड्याने कोंब मोजावेत. 70 किंवा जास्त निघाले तर नेहमीच्या प्रमाणात पेरावे; थोडे कमी असतील तर बियाणे वाढवावे आणि फारच कमी असतील तर ते रानात नेऊच नये.